रसाची तहान, पाण्याची तहान

गेल्या वैशाखात आमच्या अडीच वर्षांच्या नातवाचा दिवस ज्यूसच्या बाटलीनं सुरू होई आणि बाटलीनंच मावळे. सकाळी पोह्यांबरोबर सफरचंदाचा, दुपारी झोपून उठला की संत्र्याचा, संध्याकाळी राजवाड्याकडे चक्कर झाली की गाडीवरचा मोसंबीचा, आणि निजताना पुन्हा तोंडात बाटली. फळांचाच तर आहे, असं म्हणत ती बाटली घरातल्या प्रत्येकानं भरली. मीही भरली. मग एका रात्री तो तीनदा उठून प्यायला मागू लागला. पहाटे डायपर गळून गादी भिजलेली. सून माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "आई, याला शुगर तर नसेल ना?"

हा प्रश्न त्यानंतर इंदूरच्या मराठी घरांतून मी बऱ्याचदा ऐकला. कधी हळदीकुंकवाला, कधी नाटकाच्या मध्यंतरात. विचारणारीच्या आवाजात धास्ती असते आणि थोडा संकोचही, आपणच काही चुकलो की काय असा. म्हणून त्या दिवसांत डॉक्टरांकडून जे समजून घेतलं आणि मागाहून वाचून पडताळलं, ते सगळं इथे मांडते आहे.

आधी घाईचं सांगते. मूल खूप पितंय, भरपूर आणि वारंवार लघवी करतंय, आणि त्याच्या जोडीला वजन उतरलंय, किंवा खेळता खेळता मध्येच आडवं होतंय, किंवा रात्री कोरडं राहायला लागलेलं मूल पुन्हा अंथरूण भिजवतंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच त्याच्या रक्तातली साखर तपासून घ्या. उद्यावर टाकू नका. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास, गुंगी, यांतलं काही दिसलं तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. इंदुरात एम.वाय. रुग्णालय आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय ही सरकारी ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण घराजवळ मुलांसाठी चोवीस तास चालणारं रुग्णालय कुठलं, हे आधीच माहीत करून ठेवा.

एवढी घाई का, तेही समजून घ्या. लहान मुलांना होतो तो बहुतेक वेळा टाइप १ मधुमेह. त्यात शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. साखर रक्तात साचत जाते आणि डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीतून बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे मूल खूप पितं म्हणून त्याला लघवी होते असं नसतं; लघवीतून पाणी निघून जातं म्हणून ते पीत सुटतं. लघवीला मुंग्या लागतात ही आपल्या आज्या-पणज्यांची खूण खरी होती, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही तिची नोंद आहे. पण आता डायपर गुंडाळून थेट कचऱ्याच्या गाडीत जातो, मुंग्यांना दिसतो कुठे! तेव्हा त्या खुणेच्या भरवशावर राहू नका. आणखी एक, कारण आया स्वतःला फार दोष देतात: टाइप १ मधुमेह ज्यूस प्यायल्यानं होत नाही.

पण झालेला असेल आणि कळलेला नसेल, तर ज्यूस तो झपाट्यानं बिघडवतो. आपल्या घरांतून काय होतं ते आठवा. पोर सुकलंय, मलूल झालंय, सारखं पाणी मागतंय. मग कुणीतरी म्हणतं, अशक्तपणा आलाय, फळांचा रस द्या, ग्लुकोजचं पाणी पाजा. प्रेमापोटीच म्हणतं. त्या रसानं साखर आणखी चढते, तहान वाढते, आणि तहान वाढली म्हणून आणखी रस दिला जातो. सुकत चाललेल्या आणि सारखं पिणाऱ्या मुलाला साखर तपासल्याशिवाय कुठलंही गोड पेय देऊ नका. तपासणी होईपर्यंत साधं पाणी मागेल तेवढं द्यावं.

तपासणी किती सोपी आहे! बोटाच्या टोकाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब, काही सेकंदांत आकडा. पुष्कळ घरांत आजोबांचं ग्लुकोमीटर असतंच. ते वापरणार असाल तर मुलाचे हात आधी साबणानं धुऊन नीट पुसा, कारण बोटाला ज्यूसचा चिकट अंश असेल तर आकडा उगाच फुगतो आणि घरात रडारड होते. सुई नवी घ्या, आजोबांची वापरलेली नको. पट्टीची मुदतही बघा. लक्षणं आहेत आणि आकडा २०० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी रुग्णालय. आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षरं उमटली, तर साखर यंत्राच्या मोजमापाबाहेर गेलेली असू शकते, निघा. घरातला आकडा चांगला आला तरी तो डॉक्टरांना सांगा आणि पुन्हा करायची का ते विचारा.

आमच्याकडे आकडा ९६ आला. सून देवापुढे जाऊन बसली. पण डॉक्टरांनी तेवढ्यावर आम्हाला सोडलं नाही. म्हणाले, साखर नाही हे कळलं. आता एवढं का पितो, ते शोधायचं आहे. दुधाच्या दातांच्या वयात, वाढ चांगली असलेलं, हसतं-खेळतं मूल खूप पीत असेल, तर बहुतेक वेळा ती सवय असते. बाटली हातात असते, चोखायला बरं वाटतं, आतलं गोड असतं, कंटाळा आला तरी तीच आणि झोप आली तरी तीच. खूप प्यायलं की खूप लघवी होणारच, ओला डायपर झोपमोड करणार, आणि झोपमोड झाली की पुन्हा बाटली. पण ती सवयच आहे हे आपण मनाशी ठरवायचं नसतं, मोजून बघायचं असतं.

मोजायचं कसं? आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिलं. तीन दिवस. मुलाचं फुलपात्र किती मिलिलिटरचं ते औषधाच्या मापानं एकदा बघून घ्या, मग दूध, ज्यूस आणि पाणी वेगवेगळं टिपत जा. रात्री उठून प्यायला तर किती वाजता, घोटभर की घटाघट, तेही. लघवी मोजायची असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडा आणि ओला डायपर तोला; ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण तेवढे मिलिलिटर. ते विचित्र वाटेल, पण डॉक्टरांना "खूप करतो" या दोन शब्दांपेक्षा तो आकडा कितीतरी उपयोगाचा.

आमचा हिशेब असा निघाला: ज्यूस साडेसहाशे मिलिलिटर, दूध पाचशे, पाणी जेमतेम शंभर. आम्ही चकितच झालो. डॉक्टर ज्या ढोबळ हिशेबानं चालतात तो असा: पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे १०० मिलिलिटर आणि पुढच्या १० किलोंना किलोमागे ५०. म्हणजे १२ किलोच्या मुलाला दिवसाला अकराशे मिलिलिटर. यात दूध, वरणाचं पाणी, ताक, खिचडी आणि फळातलं पाणी सगळं आलं. मालव्याच्या उन्हात, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा, गरज वाढते. पण ऊन नाही, ताप नाही, जुलाब नाहीत, आणि तरी एवढंसं मूल नुसती पेयंच रोज लिटर-सव्वा लिटरच्या वर घेतंय, तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण. मघाची धोक्याची लक्षणं नाहीत आणि साखर ठीक आहे, अशा मुलाला एक दिवस ज्यूसऐवजी फक्त साधं पाणी पुढे करा. हवं तेवढं, हवं तेव्हा. आमच्या नातवानं फुलपात्र ढकललं, रडला, दोन घोट घेतले आणि अर्ध्या तासात गाड्या खेळायला बसला. ही रसाची तहान. उलट एखादं मूल साधं पाणीही पेल्यामागून पेला पितं, आंघोळीच्या बादलीतलं ओंजळीनं पितं, झाडांच्या झारीला तोंड लावतं, आणि पाणी मिळालं नाही की कासावीस होतं. ही पाण्याची तहान. तिच्यामागे साखर नसली तरी दुसरं काही असू शकतं: पाणी राखण्याचं, मेंदूतून येणारं संप्रेरक कमी पडणं, मूत्रपिंडांनी त्याचं न ऐकणं, रक्तात कॅल्शियम वाढलेलं असणं. डॉक्टर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करतील, कारण रात्रीतून लघवी दाट झाली असेल तर मूत्रपिंडांना पाणी राखता येतंय असं कळतं. गरजेप्रमाणे रक्तातले क्षारही बघतील. पाणी तोडून काय होतं ते पाहण्याची परीक्षा घरी कधीही करू नका. ज्याचं शरीर पाणी राखू शकत नाही त्या मुलाच्या जिवावर ती बेतते. ती रुग्णालयातच, वजन आणि रक्त तपासत करायची गोष्ट आहे.

रात्रीच्या तहानेकडे इंदूरकरांनी विशेष लक्ष द्यावं. शब-ए-मालवा म्हणतात ते उगाच नाही, दिवस तापला तरी आपल्या रात्री बऱ्याचदा निवतात. म्हणून ज्यूस बंद झाल्यावरही मूल रात्री तीन-चारदा उठून घटाघट पाणी पीत असेल, तर ते उन्हाळ्यावर ढकलू नका. नुसता घोटभर घेऊन झोपणारं मूल तोंड उघडं टाकून, घोरत झोपतं का तेही पाहा. नाक चोंदलेलं असलं की घसा कोरडा पडतो, ती तहान वेगळी. काही औषधांनीही तहान वाढते, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवा.

मग आमच्या घरच्या दोन चुका लक्षात आल्या. पहिली अर्थातच ज्यूस. शंभर मिलिलिटर रसात साधारण १० ते १२ ग्रॅम साखर असते, वरून घातलेली नसली तरी. साडेसहाशे म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास, चौदा चमचे. एवढी साखर घेऊन पोट भरलेलं मूल पोळी-भाजीकडे कशाला बघेल? फळ खाताना चोथा येतो, चावावं लागतं, एका मोसंबीत पोट निवतं. रसात तीन मोसंब्या दोन मिनिटांत पोटात जातात. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखं द्रव्य असतं आणि फ्रुक्टोजही जास्त असतं. लहान आतड्याला ते सगळं पचवता येत नाही, मग ते मोठ्या आतड्यात पाणी ओढतं आणि शी पातळ होते. पातळ शी झाली की पुन्हा तहान. महिनोन्‌महिने पातळ शी करणाऱ्या, पण हसऱ्या मुलांचं औषध कित्येकदा एवढंच असतं, ज्यूस कमी करणं. आणि निजताना तोंडात बाटली राहिली की वरचे पुढचे दात आधी किडतात.

दुसरी चूक खास आपल्या गावची: शेव. इंदुरात पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, मूल रडलं की मुठीत शेव. जिरावन मसाला तर डब्यासकट समोर. अडीच वर्षांच्या पोराच्या पोटात एवढं मीठ गेलं की तहान लागणारच, आणि त्या तहानेवर आम्ही ज्यूस पाजत होतो. त्याच्या ताटातली शेव आणि जिरावन बंद झालं आणि दोन-तीन दिवसांतच दुपारचं मागणं उतरलं. मला वाटतं, तहानेची तक्रार घेऊन येणाऱ्या इथल्या प्रत्येक आईला शेव किती खातो, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

किती ज्यूस चालतो? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१९ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त १२५ मिलिलिटर, तोही शक्यतो ताजा. हे सव्वाशे म्हणजे कमाल आहे, रोज पुरवायचा रतीब नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर उन्हाळ्यातही ज्यूस नाही आणि पाणीही नाही, फक्त आईचं दूध. आणि रस म्हटलं की आपल्या मनात आधी आमरस येतो, तर त्याची भीती नको. बिनसाखरेचा आमरस वाटीतून, जेवताना, चमच्यानं खाल्ला तर ते खाणं झालं. तोच बाटलीत पातळ करून दिवसभर चोखायला दिला तर तो ज्यूसच.

खोक्यांवरची अक्षरं नीट वाचायला शिका. '१०० टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनांवरून काढून टाकायला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये सांगितलं, कारण आत पाणी आणि रसाचा अर्क असतो. याहून गंभीर गोष्ट ओ.आर.एस.ची. फळांच्या चवीची गोड पेयं नावात 'ओ.आर.एस.' लावून औषधाच्या दुकानांत सर्रास विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं त्याविरुद्ध झगडा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणानं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना ते नाव वापरायला बंदी केली. कुठल्यातरी आईनं जुलाब झालेल्या लेकराला औषध समजून ते पाजलं असेल, या विचारानं आजही माझ्या पोटात खड्डा पडतो. खरं ओ.आर.एस. म्हणजे २०.५ ग्रॅमची पुडी, एक लिटर पाण्यात सबंध मिसळायची. त्या लिटरमध्ये साखर फक्त साडेतेरा ग्रॅम. ज्यूसमध्ये तिच्या सात-आठपट! म्हणून जुलाबात ज्यूस दिला की जुलाब वाढतात. आणि उलटही लक्षात ठेवा, ओ.आर.एस. हे जुलाबासाठी आहे, उन्हाळ्यातलं सरबत नव्हे.

ज्यूस सोडवायचा कसा, यावर घरोघरी मतं असतात. एकदम बंद केला तरी मुलाला अपाय होत नाही, दोन-तीन दिवस रडणं होतं एवढंच. आमच्या घरात तेवढा दम कुणात नव्हता, म्हणून आम्ही पाणी वाढवत गेलो. पहिले तीन-चार दिवस तीन भाग ज्यूस आणि एक भाग पाणी, मग निम्मंनिम्मं, मग एक भाग ज्यूस. पंधरवड्यात नुसतं पाणी. पण त्याहून जास्त उपयोग भांडं बदलण्याचा झाला. बाटली आणि सिपर माळ्यावर टाकले आणि नातवाला त्याचं स्वतःचं छोटं फुलपात्र दिलं. फुलपात्र चोखता येत नाही, घेऊन पळता येत नाही, अंथरुणात नेता येत नाही. त्यातून प्यायचं तर बसावं लागतं, आणि बसून प्यायलं की तहानेपुरतंच प्यायलं जातं. पूर्वी आपल्याकडे बाळाला दूध बोंडल्यानं पाजत, ते झालं की बोंडलं धुऊन फळीवर ठेवत. मुलाच्या हाती सोडत नसत.

निजतानाची बाटली सगळ्यात शेवटी सुटली. आधी तिच्यात फक्त पाणी भरलं, मग दात घासून गोष्ट, मग पाठीवर थोपटणं. पाच रात्री कठीण गेल्या. माझ्या मुलानं दिवसा नोकरी करून त्या रात्री जागून काढल्या, म्हणून ते जमलं. एकट्या आईवर हे टाकू नका.

ज्यूसच्या जागी काय? पाणी, आणि फळ फळासारखं. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाला फळ देताना जपा: द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, सफरचंद किसून किंवा वाफवून द्या, संत्र्याची साल-बिया काढा, कलिंगडाच्या बिया निवडा. दुपारी पातळ, अळणी ताक. पुण्याची नणंद फोनवर सांगते, शिकंजी दे. तिची शिकंजी लिंबाची. आपली इंदूरच्या सराफा बाजारातली शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, सुकामेवा आणि साखर, ती तहानेसाठी नव्हे. उसाचा रस आणि गाडीवरचा ज्यूस त्यांतल्या बर्फासाठीही टाळा. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच बरं; ज्यूस सुटला म्हणून दूध वाढवलं तर जेवण पुन्हा मागे पडतं आणि अंगात लोह कमी होतं.

पाणी मात्र उकळून गार केलेलंच. नर्मदेचं पाणी १९७८ पासून जलूदहून एवढी चढण चढून आपल्या टाक्यांत येतं, याचं इंदूरला कौतुक आहे आणि असावं. पण नळापर्यंतच्या वाटेत काय मिसळू शकतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये नळाच्या दूषित पाण्यानं आजारी पडलेल्या आपल्या भागीरथपुरा वस्तीनं सोसलं आहे. उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवा, झाका, माठात भरा. माठ रोज घासा.

शेजारच्या काकूंना, सांभाळणाऱ्या ताईंना आणि आजोबांनाही स्पष्ट सांगून ठेवा. आमच्याकडे बाहेरचं खोकं आजोबांच्या पिशवीतून येत होतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. ते खट्टू झाले. मग मुलाला पाणी देण्याचं काम त्यांच्याकडेच दिलं, दर दीड-दोन तासांनी आपल्या हातानं, फुलपात्रातून.

तीन आठवड्यांनी कालनिर्णयचं पान घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. पाणी सहाशे, दूध चारशे, ज्यूस शून्य. रात्रीचं उठणं बंद. वजन दोनशे ग्रॅमनं वाढलेलं. डॉक्टरांनी ते पान फाईलला लावून घेतलं आणि सांगितलं, महिन्याभरानं पुन्हा वजन करा, आणि मध्ये कधी साधं पाणी असं घटाघट मागू लागला तर तारखेची वाट न बघता या. सुनेनं ते वाक्य पुढच्या महिन्याच्या पानावर, वरच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवलं आहे.